लेकीची पेटी, बी.कॉम. आणि सोसायटीचं कर्ज

खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: मुलगी नुकतीच पीयूसी (बारावी) झाली, अठरा पूर्ण केली. नऊ वर्षं पेटी (हार्मोनियम) शिकतेय, गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘मध्यमा पूर्ण’ ही परीक्षा पास आहे. बेळगावात बी.कॉम.ला प्रवेश घ्यायचा आणि तिथल्याच शहापूर भागातल्या गुरुजींकडे पुढच्या, विशारद परीक्षेची तयारी करायची, असं ठरलंय. घरात महिन्याला ३८,००० येतात, २९,००० खर्च होतात. उरलेल्या ९,००० मधले २,००० मुलीच्या सुकन्या समृद्धी बचत खात्यात जातात. सोसायटीत (पतसंस्थेत) दीड लाखाची ठेव आहे, धाकटा मुलगा नववीत आहे. विचारणा तीन गोष्टींची आहे. ९०,००० ची स्केलचेंजर (पट्टी सरकवून सूर बदलता येणारी) पेटी सोसायटीच्या १४ टक्क्यांच्या कर्जावर घ्यावी, की सुकन्यातून पैसे काढावेत? मुलीला बेळगावात पीजीला (पेइंग गेस्ट म्हणून) ठेवावं का? आणि बी.कॉम.बरोबर धारवाडला संगीताची दुसरी पदवी करता येईल का? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘माझे थोरले भाऊ म्हणतात, पेटीवर कुणाचं पोट भरलंय?’

दादा, आधी त्या शेवटच्या ओळीबद्दल बोलते, कारण बाकीच्या प्रश्नांत ती लपलेली आहे. पेटीला कमी लेखणं जुनं आहे. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत चालली. त्याच काळात आपल्या बेळगावात कागवाडला जन्मलेले पंडित रामभाऊ बिजापुरे (१९१७–२०१०) पेटीच वाजवत होते, शिकवत होते. अर्थात प्रत्येक पोरीचं तसं होईल असं मी म्हणणार नाही. तुमच्या मुलीचा चरितार्थ बी.कॉम.वर चालेल असं धरूनच हिशेब करू. पण नऊ वर्षांची विद्या पदवीच्या तीन वर्षांत सुटली तर ती पुन्हा हाताला लागत नाही, हे मला ठाऊक आहे. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी गाणं सोडलं. पैसे होते, गुरू होते, रियाजाचा वेळ तेवढा उरला नव्हता. म्हणून तुमच्या प्रत्येक प्रश्नाला मी दोन मापं लावणार आहे, रुपये आणि रियाजाचे तास.

आता कर्ज. सुकन्याचे २,००० वळते केल्यावर तुमच्या हातात ७,००० राहतात. गुरुजींची फी २,०००. कॉलेजची वर्षाची फी तुम्ही २२,००० लिहिली आहे, म्हणजे महिन्याला साधारण १,८३३. नव्वद हजार तीन वर्षांसाठी १४ टक्क्यांनी, घटत्या शिल्लकीवर घेतले तर हप्ता ३,०७५ च्या आसपास बसतो. बेरीज करून बघा, महिनाअखेरीला हातात ९२ रुपये उरतात. त्यात धाकट्याची दहावी आली, कुणी आजारी पडलं किंवा छप्पर गळायला लागलं तर काय करणार? शिवाय सोसायटीतल्या साहेबांना एक गोष्ट नक्की विचारा: व्याज घटत्या शिल्लकीवर आहे की सरळ मूळ रकमेवर? सरळ असेल तर तीन वर्षांचं व्याज ३७,८०० होतं आणि हप्ता ३,५५०. मग दर महिन्याला ३८३ रुपयांची तूट. ‘१४ टक्के’ हा शब्द दोन्हीकडे तोच असतो, आणि आपली माणसं तिथेच फसतात.

हे कर्ज घेऊ नका.

सुकन्याचा मार्ग तर या कामासाठी बंदच आहे. खातेदार मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी मागच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिल्लकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. तुमची मार्चअखेरची शिल्लक चार लाखांच्या आसपास आहे, म्हणजे दोन लाखांपर्यंत. पण त्यासाठी शिक्षणसंस्थेच्या प्रवेशाचा कागद किंवा फीची पावती लागते, आणि रक्कम त्या फीपुरतीच मिळते. पेटीचं बिल तिथे चालत नाही. एखाद्या वर्षी कॉलेजची फी अडलीच तर हा दरवाजा उघडा आहे एवढं लक्षात ठेवा. तोवर हात लावू नका. आत्ताचा ८.२ टक्के दर टिकला तर आज न काढलेले ९०,००० दहा वर्षांनी सुमारे १,९८,००० होतात, आणि त्यावर कर नाही.

मग पेटीचं काय? तुमच्याच पत्रात उत्तर आहे. कारागिराने स्केलचेंजर ९०,००० ची सांगितली आणि साधी, चांगल्या सुरांची, ४८,००० ची. स्केलचेंजरचा उपयोग साथीला. गायकाने आपला सूर ‘काळी दोन’ सांगितला की पट्टी सरकवायची आणि बोटं आपल्या सवयीच्या जागी ठेवायची. पण रियाजाला आणि विशारदला अडेल असं त्यात काही नाही. उलट हलणारे भाग जास्त, वजन जास्त आणि दुरुस्तीही जास्त. शिवाय तुमच्याकडचा पाऊस मला माहीत आहे. खानापूरची ओल भात्याचं कातडं खराब करते, सूर कणसुर करते. नव्वद हजारांचं वाद्य त्या ओलीत ठेवायला मन धजणार नाही. तरी हा निर्णय ना माझा, ना तुमचा. गुरुजींना दोन्ही पेट्या दाखवा, मुलीला त्यांच्यासमोर वाजवू द्या. त्यांनी ‘साधी पुरे’ म्हटलं तर वाद संपला.

साधी पेटी कर्जाशिवाय येते. मुलीने गेल्या वर्षी गणपतीत आणि भजनी मंडळांच्या साथीत १८,००० मिळवले, असं तुम्ही लिहिलंय. (ही ओळ तुम्ही कंसात का लिहिली? पत्रातली सगळ्यांत मोठी बातमी ती आहे.) ते पैसे घरखर्चात घेऊ नका. ती आता सज्ञान आहे, तिच्या नावाने बँकेत आवर्ती ठेव काढा आणि तुम्ही त्यात महिन्याला २,५०० घाला. पंधरा महिन्यांत तुमचे ३७,५०० आणि तिचे १८,००० मिळून ५५,५०० होतात, व्याज वेगळं. विशारद पूर्णच्या आधी पेटी घरात येते, आणि ती निम्मी-अर्धी का होईना तिच्या स्वतःच्या कमाईची असते. तोवर जुनी पेटी पावसाआधी सुरात मिळवून घ्या, भाता बदलायचा तर बदला. गुरुजींच्या फीत मात्र काटछाट करू नका. आठवड्यातून दोनदा समोर बसून चुका दुरुस्त करून घेणं हेच खरं शिक्षण, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

पीजीबद्दल मी दोन दिवस विचार केला. महिन्याला ६,५०० देऊन रोजचा अडीच तासांचा प्रवास वाचतो, हे आकर्षक आहे. पण तिघी-चौघींच्या खोलीत पहाटे पाचला पेटी कोण वाजवू देईल? प्रवासाचे तास वाचतील आणि रियाजाची जागा जाईल. खिशाचं तर विचारूच नका, ती रक्कम तुमच्या सगळ्या शिलकीएवढी आहे. याउलट कर्नाटक सरकारच्या महिलांसाठीच्या शक्ती योजनेमुळे २०२३ च्या जूनपासून तिला खानापूर–बेळगाव सरकारी साध्या बसचं तिकीट नाही, आधार कार्ड जवळ असलं की झालं. राज्याची हद्द ओलांडून मिरज-कोल्हापूरला कार्यक्रमाला गेली तर मात्र ही सवलत नाही, तो खर्च धरून ठेवा. तिने घरी राहावं. पहाटे दीड तास रियाज, दुपारी कॉलेज सुटल्यावर आठवड्यातून दोन दिवस शहापूर, उशिरात उशिरा सातला घरी. त्यासाठी फी भरण्याआधी कॉलेजचं वेळापत्रक हातात घ्या. सकाळचे वर्ग असतील तर हे जमतं, संध्याकाळी पाचपर्यंत असतील तर कॉलेज बदलण्याचा विचार करा. नावाजलेल्या कॉलेजपेक्षा दुपारी मोकळं करणारं कॉलेज तुमच्या मुलीसाठी जास्त मोलाचं आहे.

धारवाडची दुसरी पदवी: यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ पासून दोन पूर्णवेळ पदव्या एकाच वेळी करायला वाट दिली आहे, पण दोन्हींच्या वर्गांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. बेळगाव आणि धारवाडमध्ये पाऊणशे किलोमीटरचं अंतर आहे. हे जमणार नाही, दादा. विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण या दोन पायऱ्या तीन वर्षांच्या बी.कॉम.मध्ये बसतात, कॉलेजच्या हजेरीशी त्यांचं भांडण नाही. संगीताची पदवी हवीच वाटली तर बी.कॉम. संपल्यावर विचार करता येईल.

एक आशेची गोष्ट सांगते, पण ती अंदाजपत्रकात धरू नका. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. गुरूकडे किमान पाच वर्षं शिकलेलं असावं लागतं, ती अट मुलगी आजच पूर्ण करते. जाहिरात निघाली की आधी तिच्या वाद्याचा समावेश आहे का ते बघा. गुरुजींकडून नऊ वर्षांच्या शिक्षणाचं पत्र मात्र आत्ताच घेऊन ठेवा. मिळाली तर त्यातून गुरुजींची फी निघेल आणि वर उरेल.

शेवटचं तुम्ही विचारलेलं नाही, पण ते पाहून मला झोप लागली नाही. दीड लाख म्हणजे तुमच्या घराचा पाच महिन्यांचा खर्च, अडीअडचणीचा एकमेव आधार, आणि तो सोसायटीत आहे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्था आणि सौहार्द सोसायट्यांना ते नसतं. माझ्या वडिलांची ठेव अशाच एका सोसायटीत चार वर्षं अडकली होती, बहिणीचं लग्न तोंडावर असताना. एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी तो धोका घेऊ नये. तुमची ठेव ऑगस्टमध्ये पिकते. आपोआप नूतनीकरण करू नका, असा लेखी अर्ज जुलैतच द्या, पोच घ्या आणि रक्कम थेट बँकेतल्या मुदत ठेवीत वळवा.