‘रक्त तपासलं असतं तर जंतू सापडला असता ना?’

बाळाला जुलाब झाले की हा प्रश्न हमखास येतो. जुलाब थांबले तरी काहींच्या डोक्यातून तो जात नाही, आणि मग ते समुपदेशनासाठी माझ्यासमोर येऊन बसतात.

आठ महिन्यांच्या मुलीची आई अशीच आली. मुलगी बरी होऊन रांगत होती, झोप उडाली होती ती आईची. हातात सीआरपी या रक्तचाचणीचा रिपोर्ट, आकड्याभोवती लाल पेनाने गोल.

“मॅडम, हा वाढलाय, तरी डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही. जंतू आत राहिला असेल तर?”

आधी मी माहिती देते. त्याने भीती जात नाही, पण तिचा आवाज जरा खाली येतो. सीआरपी फक्त शरीरात दाह आहे एवढंच सांगतं. बॅक्टेरिया असले तर आकडा बहुधा जास्त चढतो, पण विषाणूनेही तो वाढतो. जुलाब करणारा बॅक्टेरिया कुठला, साल्मोनेला की शिगेला, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी शी तपासावी लागते, आणि कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, दोन-तीन दिवस जातात. रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू दिसतो तो रक्तात उतरला असेल तरच. शिवाय तान्ह्यांचे बहुतेक जुलाब विषाणूंचेच असतात, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही.

तिने सगळं ऐकलं आणि पुन्हा त्या लाल गोलाकडे पाहिलं. पुढच्या भेटींतही तेच. मग एकदा मी विषय बदलला.

“डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं होतं?”

“लघवी शेवटची कधी झाली.”

“ते कुठल्या रिपोर्टमध्ये होतं?”

ती थांबली. “कुठल्याच नाही. मीच सांगितलं. मी वेळा लिहून ठेवत होते.”

मग ती रडली, बराच वेळ. मी मध्ये बोलले नाही. धीर देण्याची घाई न करणं मला आता जमतं. चिंतेला उत्तर लागतं असं आपण धरून चालतो. माझ्या मते चिंतेला बहुतेकदा काम लागतं. बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालंय का ते लघवीवरून कळतं; उपचाराचा मोठा निर्णय या आईच्या वहीवर झाला होता, आणि तेच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून पालकांना मी हेच सांगते: ओआरएस, अंगावरचं दूध चालू, डॉक्टरांनी सांगितलेलं झिंक, आणि लघवीच्या वेळा लिहा. शीतून रक्त, हिरवी उलटी, खोल गेलेले डोळे, सुस्ती, सहा-आठ तास लघवी नाही, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल, तर लगेच डॉक्टर गाठा. अशा वेळी लागलं तर ते स्वतःच रक्त काढायला सांगतील: क्षार, मूत्रपिंडाचं काम, गरज वाटली तर कल्चरही.