धूप झालेल्या जमिनीवर झाडं लावली तर मातीतल्या सूक्ष्मजीवांवर काय परिणाम होतो? किती वर्षांत?

फरक नक्की पडतो, पण दोन-चार पावसाळ्यांत दिसेल अशी आशा धरू नका. यावर भरपूर अभ्यास झालाय तो चीनच्या लोएस पठारावर. तिथली पिवळी, पिठासारखी माती पावसात वाहून थेट पीत नदीत जायची. १९९९ पासून सरकारने उतारावरची शेती बंद करून झाडं-गवत लावायला घेतलं. त्यात रोबिनिया फार. हे झाड शेंगवर्गीय, मुळांवर गाठी, म्हणजे नत्राची सोय घरचीच.

पाचोळा साठला, मुळांतून साखर पाझरू लागली की आधी जिवाणू वाढतात, तेही मुख्यतः वरच्या थरात. काड्या-लाकडातलं चिवट लिग्निन फोडणं मात्र मुख्यतः बुरशीचं काम. तिचे तंतू मातीचे कण बांधून ठेवतात. एक वाळलेलं ढेकूळ पाण्यात टाकून बघा: उघड्या उतारावरचं लगेच विरघळतं, जुन्या झाडाखालचं बराच वेळ टिकतं.

खोलवर मात्र वेगळीच गोष्ट. रोबिनियाची दाट लागवड जमिनीतलं पाणी ओढून घेते, खालचे थर कोरडे पडतात आणि कोरड्या मातीत सूक्ष्मजीव मंदावतात. त्यामुळे कमी पावसाच्या भागात मी तरी आधी गवत आणि झुडपंच राखीन.