हेल्मेट असूनही अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यांच्या मेंदूला इजा कशी होते? आणि हे मान्य करायला एनएफएलने, म्हणजे या खेळाच्या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, इतकी वर्षं का लावली?

हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण मेंदू हलायचा तो हलतोच. तो कवटीत द्रवामध्ये तरंगत असतो. जोरदार धडकेनं डोकं एकदम थांबलं किंवा गर्रकन वळलं, की मेंदूला आतल्या आत पीळ बसतो आणि त्यातले बारीक तंतू ताणले जातात. बाहेर ओरखडाही नसतो, सीटी स्कॅन बहुतेकदा नॉर्मल येतो. शुद्ध हरपतेच असंही नाही.

पुढे जो आजार जडतो त्याला सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी) म्हणतात. त्यात मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती ‘टाऊ’ नावाचं प्रथिन साचतं. वर्षानुवर्षं बसलेले लहानसहान धक्केही त्याला पुरतात. चिडचिड, नैराश्य, विसराळूपणा आणि शेवटी स्मृतिभ्रंश, हे सगळं बऱ्याचदा निवृत्तीनंतर कित्येक वर्षांनी दिसायला लागतं.

आता दुसरा प्रश्न. ‘तेव्हा कुणाला काही ठाऊकच नव्हतं’ हे मला अजिबात पटत नाही. बॉक्सरांची अशी अवस्था होते हे हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी 1928 मध्येच लिहून ठेवलं होतं. एनएफएलने 1994 मध्ये या विषयावर समिती नेमली, तिच्या अध्यक्षपदी बसवले संधिवाताचे डॉक्टर. 2002 मध्ये एनएफएलचे माजी खेळाडू माइक वेबस्टर वयाच्या 50 व्या वर्षी गेले. शवविच्छेदनात त्यांचा मेंदू वरून ठीकठाक दिसत होता, तरी शवविच्छेदन करणारे डॉक्टर बेनेट ओमालू यांनी तो जपून ठेवला, पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यांना टाऊ सापडलं. 2005 मध्ये हा शोधनिबंध छापून आल्यावर समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्यायची मागणी केली! सीटीईशी खेळाचा संबंध आहे, हे लीगच्या अधिकाऱ्यानं अमेरिकी संसदेच्या सदस्यांसमोर कबूल केलं ते थेट 2016 मध्ये.

माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय पुराव्याच्या बाबतीत झाला. सीटीईचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. म्हणजे ज्याला त्रास होतोय त्यानं जिवंतपणी सिद्ध तरी कसं करायचं? 2011 मध्ये एनएफएलचे माजी खेळाडू डेव्ह ड्यूरसन यांनी आत्महत्या केली, तेव्हा आपला मेंदू तपासला जावा अशी विनंती मागे ठेवली होती. तपासणीत सीटीई निघाला.

बोस्टन विद्यापीठानं 2017 मध्ये तपासलेल्या एनएफएल खेळाडूंच्या 111 मेंदूंपैकी 110 मध्ये सीटीई आढळला. मात्र हे मेंदू बहुतेक त्रास दिसलेल्यांच्याच कुटुंबांनी दिलेले होते, त्यामुळे हेच प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावू नका.

तुमच्या घरात कुणी असा खेळ खेळत असेल, तर एक नक्की करा. धडकेनंतर भोवळ, मळमळ, गोंधळल्यासारखं वाटणं यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशी पुन्हा मैदानात पाठवू नका, प्रशिक्षक कितीही म्हणोत. पहिली इजा भरून येण्याआधी बसलेला दुसरा धक्का, विशेषतः लहान वयात, जिवावर बेतू शकतो.