एकोणशंभर

चि. छात्राध्यापिकेस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. पहिल्या सराव पाठाचे टाचण तू रात्री एक वाजेपर्यंत लिहिलेस, संख्यांचे तीन तक्ते रंगवलेस, ३५ मिनिटांचा पाठ १८ मिनिटांत संपला आणि उरलेली १७ मिनिटे खडू हातात धरून तू फळ्यापाशी उभी राहिलीस, हे वाचताना मला हसू आले. त्याचा राग मानू नकोस. माझा पहिला पाठ तर ११ मिनिटांत आटोपला होता. निरीक्षण वहीत 'फलकलेखन सुधारावे, वर्गनियंत्रण कमी' असा शेरा मिळाला आणि तेव्हापासून आपल्यात शिक्षिका होण्याचे गुण आहेत की नाहीत अशी शंका तुला येऊ लागली, असे तू लिहितेस. फलकलेखन महिनाभराच्या सरावाने सुधारते, त्याविषयी मी एवढेच सांगेन की फळ्याच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात कर आणि लिहिताना एका बाजूला उभी राहा. मला बोलायचे आहे ते तू पत्राच्या तिसऱ्या पानावर जाता जाता लिहिलेल्या एका ओळीविषयी.

अठ्ठ्याण्णवच्या पुढची संख्या विचारल्यावर दुसऱ्या रांगेतल्या मुलीने 'एकोणशंभर' असे उत्तर दिले, वर्ग हसला, तूही हसलीस, फळ्यावर 'नव्याण्णव' लिहिलेस आणि पुढे गेलीस. त्या दिवशी वर्गात झालेले सर्वांत मोलाचे शिकणे ते होते, आणि ते मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकांच्याही नजरेतून सुटले. त्या मुलीने एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास असे करत एकोणनव्वदपर्यंत आठ वेळा एकच रचना ऐकली होती. पुढच्या दशकाला एक कमी असला की 'एकोण' लावायचे, हा नियम तिला कोणीही सांगितलेला नव्हता. तो तिने स्वतः शोधला आणि जिथे तो लागू व्हायला हवा होता तिथे लावला. नियम मोडला तो आपल्या भाषेने, कारण ८९ ला एकोणनव्वद म्हणणारी मराठी ९९ ला मात्र नव्याण्णव म्हणते. पाठांतर करणारे मूल ही चूक कधीच करणार नाही. विचार करणाऱ्या मुलाकडूनच ती होते.

तुझे लक्ष त्या वेळी कुठे होते हे मला ठाऊक आहे, कारण छात्रसेवाकालात, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव करण्याच्या काळात, सगळ्यांचेच ते तिथे असते. टाचणातला पुढचा प्रश्न कोणता, तक्ता कधी दाखवायचा, निरीक्षक काय लिहीत आहेत, याकडे. सराव पाठ नावाच्या व्यवस्थेचा दोषच असा आहे की तो घेणारी व्यक्ती मुलांकडे तोंड करून उभी असते आणि बोलते मात्र मागच्या बाकाशी. गुण तिथून मिळतात, म्हणून हे स्वाभाविक आहे. तरीही, येत्या आठवड्यांत तुला एकच सवय लावून घ्यायची असेल, तर मुलाचे चुकीचे उत्तर ऐकल्यावर क्षणभर थांबून 'हे तुला कसे सुचले?' असे विचारण्याची सवय लाव. विचारण्याचा सूर मात्र खऱ्या कुतूहलाचा हवा. चौकशीच्या सुरात विचारलेस तर मूल लगेच उत्तर बदलेल आणि तुझ्या हाती काही लागणार नाही.

हे मला फार उशिरा कळले. १९८७ साली मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एका खेड्यातल्या शाळेत दुसरीच्या वर्गाला संख्यालेखन घेत होते. मी 'पंचवीस' म्हटले आणि जवळजवळ अर्ध्या वर्गाने ५२ लिहिले. मी त्या सर्वांना २५ ही संख्या दहा-दहा वेळा लिहायला लावली. दुसऱ्या दिवशी 'बावन्न' म्हटले, तेव्हा त्यातल्याच एका मुलाने २५ लिहिले. मी चिडून त्याच्या हातावर पट्टी मारली. तो रडला नाही, फक्त म्हणाला, "बाई, तुम्ही दोन आधी म्हणता ना." पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, बावन्न म्हणताना दोन आधी येतो, आणि तो कानाला आलेल्या क्रमाने अंक मांडत होता. दोन्ही वेळा त्याने एकच, पूर्णपणे सुसंगत गोष्ट केली होती. मी त्याला मारले ते बरोबर ऐकल्याबद्दल. त्या काळी वर्गात पट्टी असणे कोणाला वावगे वाटत नसे. आज शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी आहे, हे तू परीक्षेसाठी पाठ केलेच असशील. वर्ग हसतो आणि शिक्षिकाही त्याच्याबरोबर हसते, ही गोष्ट त्या दुसऱ्या शब्दाच्या किती जवळ जाते याचा मात्र एकदा विचार कर. त्या मुलीने त्यानंतर हात वर केला का, हे तू लिहिलेले नाहीस.

२०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' अशा वाचनाची पद्धत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता हे तुला आठवत असेल. तू तेव्हा शाळेतच होतीस. विषय विधिमंडळापर्यंत गेला, विनोद झाले, मराठी बुडाल्याची हाकाटी झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की संख्यानामांतील जोडाक्षरे आणि बोलण्याचा उलटा क्रम लहान मुलांना अडवतो, आणि जुनी नावे पुस्तकातून काढलेली नाहीत. माझे स्वतःचे मत विचारशील, तर त्रेसष्ट आणि सदुसष्ट हे शब्द मुलांच्या तोंडी राहिलेच पाहिजेत, कारण ती बाजारात तेच ऐकणार आहेत. पण त्या वेळी ओरडणाऱ्यांपैकी फार थोड्या जणांनी दुसरीतल्या मुलाशेजारी बसून त्याला ३६ आणि ६३ मध्ये अडखळताना पाहिले असावे. तू पाहते आहेस. म्हणून तुझे निरीक्षण त्या साऱ्या वादापेक्षा अधिक उपयोगाचे आहे, फक्त ते लिहून ठेवायला हवे.

त्यासाठी एक साधी दोनशे पानी वही घे. ती महाविद्यालयात दाखवायची नाही, तिला आवरण घालायचे नाही, तिच्यात उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे लिहायची नाहीत. शाळा सुटल्यावर दहा मिनिटे बसून त्या दिवशी मुलांनी दिलेली तीन चुकीची उत्तरे जशीच्या तशी लिही, आणि प्रत्येकीखाली ते उत्तर कोणत्या विचाराने बरोबर ठरेल ते शोधण्याचा प्रयत्न कर. उदाहरणार्थ, ४२ मधून १७ वजा करून ३५ हे उत्तर तुला प्रत्येक वर्गात भेटेल. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून मूल ७ मधून २ काढते, ५ लिहिते, मग ४ मधून १ काढून ३ लिहिते. लहान अंक मोठ्यातून काढायचा हे त्याने शिकलेले सत्य आहे, आणि पहिलीत ते आपणच शिकवलेले आहे. अशा मुलापुढे 'हातचा घे' असे दहा वेळा म्हणण्याने काही होत नाही, कारण दशक सुटा करता येतो हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले नसते.

इथे तुझी शाळा तुझ्या मदतीला येईल. बालाघाटच्या डोंगरातल्या त्या गावातून दिवाळीनंतर निम्मी घरे ऊसतोडीला जातात, असे तू लिहिलेस. ती मुले फडावर आईवडिलांच्या मागे फिरतात, आणि मोळी म्हणजे काय हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगले माहीत असते. माझ्या वर्गात एकदा तुरीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करताना मी 'दशक, दशक' म्हणत होते, आणि तिसरीतला एक मुलगा शेजारच्याला म्हणाला, "मोळी हाय ती. सोडायची, सात काढायच्या, उरल्या त्या बाजूला ठिवायच्या." चार मोळ्या आणि दोन सुट्या काड्या, त्यातून सतरा द्यायच्या, तर एक मोळी सोडावी लागणार, हे त्याने मला पुस्तकातल्या कोणत्याही आकृतीपेक्षा स्वच्छ सांगितले. त्या दिवसापासून माझ्या वर्गात दशकाला मोळी म्हणत, आणि चौथीत गेल्यावर दशक हा शब्द मुलांना आपोआप येई. तो मुलगा पुढे दिवाळीनंतर गेला तो चैत्रात परतला. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ओळीने गैरहजेरी लागली, पण त्या महिन्यांत तो काहीच शिकला नाही असे मी म्हणू शकत नाही. ऊसतोडीच्या काळापुरत्या चालणाऱ्या हंगामी वसतिगृहात मागे राहणारी मुले तुझ्या वर्गात असतील, तर त्यांच्याशी सकाळी पहिल्यांदा बोल. फळ्याकडे नंतर वळ. आई फडावर आणि आपण आजीकडे, अशा मुलाचे मन दुपारच्या खिचडीपर्यंत जागेवर येत नाही.

वाचनाबद्दलही तुझा समज थोडा सैल करायला हवा. 'वर्ग उत्तम वाचतो' असे तू लिहितेस, कारण सारी मुले एका सुरात धडा म्हणतात. एका सुरात म्हणणे ही शाळेतली सर्वांत फसवी गोष्ट आहे. वीस आवाजांत चार मुले वाचत असतात आणि सोळा त्यांच्या मागून येत असतात. एकेका मुलाला जवळ घे, पानावरच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेव आणि विचार. जे मूल आरंभापासून पुटपुटत त्या शब्दापर्यंत येते, त्याला धडा पाठ आहे, वाचता येत नाही. कमळाच्या चित्राखालचा 'कमळ' हा शब्द 'फूल' असा वाचणारे मूल चित्र वाचत असते. 'घर' ला 'धर' म्हणणाऱ्याला अक्षरे येतात, पण घ आणि ध मधला छोटा फरक त्याच्या डोळ्यांना अजून दिसत नाही. तिघांचे दुखणे निराळे असल्यामुळे तिघांना एकच धडा पुन्हा वाचायला लावून काही साधत नाही. आणि मूल 'पानी' म्हणाले तर लगेच 'पाणी' म्हणून दुरुस्त करू नकोस. त्याच्या घरी ते पानीच आहे. त्याचे वाक्य पुरे होऊ दे, मग तू तुझ्या बोलण्यात 'पाणी' हा शब्द सहज आण. एक-दोन महिन्यांत त्याच्या जिभेवर दोन्ही राहतील.

दोन वर्ग एका खोलीत सांभाळावे लागल्याने तू गांगरलीस, हे मी समजू शकते, कारण अध्यापक विद्यालयात सूक्ष्म अध्यापनापासून, म्हणजे काही मिनिटांच्या छोट्या सराव पाठापासून, शेवटच्या पाठापर्यंत सगळी तयारी एका इयत्तेची, एका विषयाची असते. परंतु शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत पट ६० पर्यंत असेल तर दोनच शिक्षक मिळतात, आणि वाड्यावस्त्यांवरच्या शाळांचा पट त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. म्हणजे तुझ्या नोकरीचा मोठा काळ कदाचित अशाच खोलीत जाईल. त्या खोलीची आतापासूनच भीती बाळगू नकोस. तिसरीचे मूल दुसरीच्या मुलाला मोळी सोडून दाखवते, तेव्हा दोघेही शिकत असतात आणि तुला तिसऱ्या मुलाशेजारी बसायला पाच मिनिटे मिळतात.

वर्गशिक्षिकेविषयी तू थोडे कडवट लिहिले आहेस. त्या तुझ्या हाती वर्ग सोपवून कार्यालयात ऑनलाइन माहिती भरत बसतात, ही तक्रार खरी असेल. पण ती माहिती त्याच दिवशी मागवलेली असते आणि न भरल्यास विचारणा त्यांनाच होते. त्यांच्यावर रागावण्यात तुझे आठवडे घालवू नकोस. मधल्या सुट्टीत त्यांच्याकडे जा आणि एखाद्या मुलाचे नाव घेऊन विचार, "हा वजाबाकीत असे का करतो?" बहुतेक शिक्षक अशा प्रश्नाला नाही म्हणत नाहीत, कारण हा प्रश्न त्यांना वर्षानुवर्षे कोणी विचारलेला नसतो. वर्गनियंत्रणाबद्दल लिहायला माझ्याजवळ फारसे नाही. मुलांची नावे पहिल्या आठवड्यात पाठ कर आणि आवाज खाली ठेव.

सोमवारच्या पाठासाठी काय करावे, असे शेवटी विचारले आहेस. टाचण नेहमीसारखेच लिही, ते लिहिणे तुझ्या अभ्यासक्रमाचा भाग आहे. पण पाठाच्या सुरुवातीची पाच मिनिटे मोकळी ठेव. ९८, ९९, १०० या संख्या फळ्यावर लिही, आणि त्या मुलीला पुढे बोलावून विचार की तिने मागच्या आठवड्यात ९९ ला काय म्हटले होते आणि का. वर्गाला १९ पासून ८९ पर्यंतची नावे तिच्याबरोबर म्हणायला लाव, मग सगळ्यांना विचार की तिचे म्हणणे बरोबर वाटते का. नंतर सांग की मोठी माणसे तिथे नव्याण्णव म्हणतात, आणि तिने सांगितलेला नियम तिथे का थांबतो हे तुलाही ठाऊक नाही. निरीक्षक वहीत काय लिहितात ते लिहू देत.

त्या मुलीने सोमवारी काय सांगितले ते मला कळव. ४२ वजा १७ करणारे मूलही एव्हाना सापडले असेल, त्याची वही जमल्यास पाहून त्याने मांडलेली तीन-चार उदाहरणे पत्रात उतरवून पाठव. दोघी मिळून बघू.

तुझी,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका