आधी कपाळ बघ

मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या क्रमाने पाठ आहेत, छान. पण खानापूरकडच्या एखाद्या आजी "सकाळपासून तोंड वाकडं झालंय, वारं लागलं" म्हणत येतात, तेव्हा आधी कपाळ बघ. भुवया वर उचलायला सांग. आजी कानडी बोलणाऱ्या असतील तर स्वतः उचलून दाखव. आठ्या दोन्हीकडे पडतात, ओठ मात्र एकीकडे ओघळलाय? मग दोष मेंदूत असू शकतो. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, म्हणून ते वाचतं. शेवटचं बरं कधी होतं ती वेळ चिठ्ठीवर लिही आणि ताबडतोब बेळगावला पाठव.

कपाळासकट अर्धा चेहरा ढिला असेल तर बहुधा चेहरा हलवणारी सातवी नसच दुखावलेली असते. कानात फोड आहेत का बघ. डोळा मिटत नसेल तर त्याला जप: दिवसा थेंब, रात्री मलम आणि पट्टी. मी शिकाऊ असताना ही पट्टी सांगायची राहिली आणि एका शेतकऱ्याच्या बुबुळाला जखम झाली. अजून सलतं ते.

वासाची पहिली नस तपासायला स्पिरिट नको, त्याची झोंब चेहऱ्याची जाणीव नेणारी पाचवी नस टिपते. कॉफीची पूड घे, एकेक नाकपुडी तपास.