‘फक्त 50 हजार भरून रजिस्ट्री’ म्हणजे नेमकं काय, भाऊ?

प्रश्न : नमस्कार ताई, मी कारंजा (लाड) इकडं प्लॉटचं काम करतो, म्हणजे ले-आउट दुसऱ्याचा, मी गिऱ्हाईक आणून देतो. पाम्प्लेट मीच लिहितो अन् व्हॉट्सअपवर मीच टाकतो. यावेळी माह्या पोरीनं ते पाह्यलं, बी.ए.ले आहे ती, तिनं लाल पेनानं कागद पुरा रंगवून टाकला. मी म्हटलं बाई, लोक जागा पाहाले येतात, वेलांटी पाहाले नाही. मजकूर असा आहे : ‘समृद्धी महामार्ग लगत एन.ए. मंजूरी प्लॉट विकणे आहे. फक्त 50 हजार भरून रजिस्ट्री करा. पाणि, लाईट, डांबरी रोड, गार्डन सुविधा. जमीनीचा 7/12 क्लिअर.’ आता तुम्हीच सांगजा, यात एवढं काय चुकलं?

उत्तर : भाऊ, पोरीचं बरोबर आहे, अन् तुमचंही अर्धं बरोबर आहे.

आधी वेलांट्या उरकून टाकू. मराठी शब्दाच्या शेवटी वेलांटी आली की ती दीर्घ, म्हणून ‘पाणी’. आणि, नि असे थोडे शब्द सोडले तर हे कुठंही चालतं. शेवटचं अक्षर दीर्घ असलं की बहुतेक मराठी शब्दांत त्याच्या अलीकडचं ह्रस्व होतं, म्हणून मंजूर पण मंजुरी, जमीन पण जमिनीचा, विहीर पण विहिरीचं. आणि ‘लगत’ सुटा लिहायचा नाही, ‘महामार्गालगत’. झालं. एवढ्यासाठी कोणी प्लॉट घ्यायचा थांबत नाही, मीही नाही थांबणार. ‘विकणे आहे’वर पोरीनं रेघ मारली असेल तर ती खोडा, आपल्याकडं जाहिरात अशीच लिहितात अन् सगळ्यांना समजते.

पण ‘फक्त’ पाहा. मी तालुक्याच्या छापखान्यात कितीतरी वर्षं प्रुफं तपासली, लग्नपत्रिकांपासून ले-आउटच्या पाम्प्लेटपर्यंत, आणि भांडणं लागलेली पाहिली ती वेलांटीवरून नाही, असल्या शब्दांवरून. आमच्या गावच्या एका काकांनी असाच फ्लेक्स वाचला, कापसाचे पैसे हातात होतेच, 50 हजार पिशवीत घातले आणि थेट त्या ऑफिसात, वरून अर्जनविसाला फोन करून ठेवला की कागद तयार ठेव म्हणून. तिथं कळलं की 50 हजार हा नुसता इसार, बाकीचे तीन लाख रजिस्ट्रीच्या दिवशी. काका म्हणे मी वाचलं तसं वागलो, मालक म्हणे आम्हाला तसं म्हणायचं नव्हतं. खरं सांगू का, वाक्य काकांच्या बाजूनं होतं. ‘भरून रजिस्ट्री करा’ म्हणजे भरलं की रजिस्ट्री, मराठीत त्याचा दुसरा अर्थ निघतच नाही.

दुसरी गोष्ट, तुमची क्रियापदं कुठं गेली? पाणी, लाईट, डांबरी रोड, गार्डन. आहे, का होत आहे, का होणार आहे? फ्लेक्सचे पैसे फुटावर लागतात भाऊ, शब्दावर नाही, मग ‘होणार’ लिहायला कंजुषी कशाला. बरं हे नुसतं व्याकरणही नाही. 2016 च्या रेरा कायद्यात, म्हणजे घर-प्लॉट विकणाऱ्यांसाठीच्या कायद्यात, कलम 12 आहे, जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर भरवसा ठेवून कोणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं तर प्रवर्तकाला, म्हणजे ले-आउटवाल्याला, भरपाई द्यावी लागते, गिऱ्हाईकाला बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासकट परत. तिथं ‘आहे’ आणि ‘होणार’ यातला फरक पैशात मोजतात.

‘एन.ए. मंजूरी प्लॉट’ हेही लटकलेलंच आहे. एन.ए. म्हणजे बिगरशेती, शेतजमीन बांधकामासाठी वापरायची परवानगी. मंजुरी मिळाली का मागितली? मिळाली असेल तर ‘एन.ए. मंजूर’ लिहा, नसेल तर ‘मंजुरीसाठी अर्ज केला आहे’ लिहा. आणि ‘7/12 क्लिअर’ म्हणजे जमिनीवर कर्जाबिर्जाचा बोजा नाही असंच ना? मग बोजा नाही असंच लिहा, पटवाऱ्याकडं जाऊन बघणारा माणूस तेच बघतो.

आता समृद्धी. 701 किलोमीटरचा रस्ता आहे तो, पण त्याच्यावर चढता येतं ते इंटरचेंजवरूनच, मधात कुठून शेताच्या धुऱ्यावरून गाडी घालता येत नाही, आणि टू-व्हीलरला तर तिथं बंदीच आहे. म्हणजे प्लॉट रस्त्याला चिकटून असला तरी तुमच्या मोटरसायकलवाल्या गिऱ्हाईकाला त्या ‘लगत’चा उपयोग काय, आवाज ऐकायचा? इंटरचेंजपासून किती किलोमीटर ते मोजून टाका. ‘5 मिनिटे’ लिहू नका, कोणाची पाच मिनिटं ते कोणी सांगत नाही.

मी असं लिहिलं असतं : ‘प्लॉट विकणे आहे. ले-आउटला एन.ए. मंजुरी मिळालेली आहे. समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजपासून इतके किलोमीटर. प्लॉटची एकूण किंमत इतकी. 50 हजार रुपये इसार, बाकी रक्कम रजिस्ट्रीच्या दिवशी. लाईटचे खांब उभे आहेत. पाण्याची पाईपलाईन टाकणे सुरू आहे. डांबरी रोड आणि गार्डन होणार आहे. जमिनीच्या 7/12 वर बोजा नाही.’ यातलं काय झालं अन् काय व्हायचं ते मालकाला विचारून बदला, मी तर अंदाजानं टाकलं.

हो, एक राहिलंच. जागा 500 चौरस मीटरच्या वर असेल आणि प्लॉट 8 पेक्षा जास्त असतील तर असा ले-आउट महारेरात, म्हणजे रेरा कायद्याखालच्या आपल्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदवावा लागतो, आणि जाहिरातीत नोंदणी नंबर, महारेराच्या वेबसाइटचा पत्ता आणि 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोड टाकावा लागतो. अशा ले-आउटचे प्लॉट विकणाऱ्या एजंटलाही स्वतःची नोंदणी लागते. म्हणजे तुम्हालाही, भाऊ.

प्रश्न : पाम्प्लेटवर गुंठा लिहू का आर? दोन्ही एकच ना? (एक वाचक, आर्णी)

उत्तर : जवळपास आहेत, एक नाहीत. गुंठा 1089 चौरस फूट, आर 100 चौरस मीटर म्हणजे साधारण 1076 चौरस फूट. 7/12 वर हेक्टर-आर असतात, म्हणून शेतीची जाहिरात असेल तर आर लिहा. प्लॉटला मात्र ‘30 बाय 50, एकूण 1500 चौरस फूट’ असं सरळ लिहा. आणि ‘फूट’चं पुढं ‘फुटांचा’ होतं, ‘फूटांचा’ नाही, हे कारंजाच्या भाऊंच्या पोरीनं आधीच सांगितलं असतं.