हृदयाच्या गोळ्या एकाच कॅप्सूलमध्ये: आधी मिलिग्रॅम पाहा

प्रश्न : वडिलांना (वय ६८) आठ महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, स्टेंट बसवला. अ‍ॅस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५, रॅमिप्रिल ५, मेटोप्रोलॉल आणि रात्री अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० चालू आहे. रात्रीची गोळी सारखी राहते. सगळ्यांची मिळून एकच गोळी घ्यावी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पाचही औषधं एकात बसणार नाहीत. अ‍ॅस्पिरिन (रक्ताची गुठळी टाळणारं), अ‍ॅटोरव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं) आणि रॅमिप्रिल (रक्तदाबाचं) मात्र एका कॅप्सूलमध्ये मिळतात आणि त्याचा फायदा खरा आहे. युरोपातल्या सात देशांत अटॅक येऊन गेलेल्या सुमारे २,५०० रुग्णांवर झालेल्या 'सिक्युअर' चाचणीत (२०२२) हृदयविकाराने मृत्यू, पुन्हा अटॅक, पक्षाघात किंवा तातडीची अँजिओप्लास्टी यांपैकी काहीतरी एकत्रित गोळीवाल्यांत ९.५ टक्के, तर सुट्या गोळ्यावाल्यांत १२.७ टक्के जणांना झालं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा गोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या.

खरी मेख मिलिग्रॅममध्ये आहे. त्या चाचणीत अ‍ॅटोरव्हास्टॅटिन २० किंवा ४० होतं. आपल्याकडच्या काही कॅप्सूलमध्ये ते फक्त १० असतं. वडिलांना ४० लागतं. नाव तेच म्हणून ती घेतली, तर कोलेस्टेरॉलच्या औषधाचा डोस कुणाच्या नकळत चौथाईवर येईल. म्हणून स्ट्रिपच्या मागचे तिन्ही आकडे चिठ्ठीशी ताडून पाहा, आणि बदल डॉक्टरांना विचारूनच करा.

खरं तर आधी एवढंच विचारा : रात्रीची गोळी सकाळी चालेल का? अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचा परिणाम दिवसभर टिकतो, त्यामुळे ते कुठल्याही ठरावीक वेळी घेता येतं. कदाचित तेवढ्यानेच काम भागेल.

कॅप्सूल सुरू झालीच, तर जुन्या सुट्या स्ट्रिपा त्याच दिवशी डब्यातून काढा, नाहीतर दुहेरी डोस जातो. क्लोपिडोग्रेल (हेही गुठळी टाळणारं) वेगळंच राहू द्या. ते साधारण वर्षभर देतात, पुढचं डॉक्टर ठरवतात. स्टेंट असताना परस्पर बंद करू नका. मेटोप्रोलॉलही (हृदयाचे ठोके आणि रक्तदाब कमी ठेवणारं) एकदम थांबवायचं नसतं.

एकत्र गोळीची अडचण म्हणजे त्यातलं एकच औषध थांबवता येत नाही. रॅमिप्रिलने कोरडा खोकला सुरू झाला किंवा जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं आणि ते थांबवावं लागलं, तर अ‍ॅस्पिरिन आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन सुटं द्यावं लागतं. अशा वेळी कॅप्सूल बंद करून गप्प बसू नका, लगेच फोन करा. रॅमिप्रिल चालू असताना पोटॅशियमवालं 'लो सोडियम' मीठही विचारल्याशिवाय वापरू नका. रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं.